नबीलाल पाटेवाला आणि हवेवरची बस

उचगावच्या हद्दीत, पुणा-बेंगलोर रस्त्याला लागून नबीलाल मिस्त्रीचं पत्र्याचं शेड होतं. त्यावर नावाचा फलक नव्हता. दारात मोडक्या पाट्यांचा असा ढीग पडलेला असायचा, की इथं काय काम चालतं ते कुणाला विचारावं लागत नसे. ट्रकच्या चाकावर पोलादी पट्ट्यांची एकावर एक रचलेली कमान असते, तिला पाटा म्हणतात. ऊस, गूळ, राधानगरीकडची खडी असली ओझी वाहून ती कमान दमते, खाली बसते, आणि गाडी एका अंगाला कलायला लागते. मग ती पट्टी भट्टीत लाल करायची, घणानं तिला पुन्हा बाक द्यायचा, तेलात विझवायची आणि गाडी सरळ उभी करायची. हे काम नबीलालनं वीस वर्षं केलं होतं.

त्याच्या हातापेक्षा त्याच्या नजरेचं नाव मोठं होतं. ट्रक रस्त्यावरून शेडकडं वळतो न वळतो तोच तो बसल्या जागेवरून म्हणायचा, "डावं मागलं अंग. पाऊण इंच." निपाणीच्या एका ड्रायव्हरनं एकदा पैज लावून टेप धरली. बरोबर पाऊण इंच भरलं. तेव्हापासून ड्रायव्हर लोक त्याला टेप-मिस्त्री म्हणायला लागले. नबीलाल वरवर त्यांना झिडकारायचा, पण ते नाव त्याला मनापासून आवडायचं.

ही विद्या त्याला बापाकडून आली होती. लालासाब बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवायचा. चाक जरा वाकडं फिरलं तर त्याला ते आवाजावरून कळायचं. लालासाबच्या हाताखाली दोघं शिकले, एक त्याचा मुलगा नबीलाल आणि दुसरा उचगावातलाच आकाराम, एका शेतकऱ्याच्या घरातला. दोघं एका ताटात जेवले, एका ऐरणीवर समोरासमोर घण मारत मोठे झाले. लालासाब गेल्यावर दोघांनी मिळून रस्त्याकडंचं शेड टाकलं.

पुढं हवेच्या ब्रेकचे ट्रक आले. आकाराम म्हणाला, "नबी, पुण्याला तीन म्हयन्यांचं शिक्षण हाय. दोघंबी जाऊया की."

नबीलाल हसला होता. "हवेचं काय शिकायचं? आपल्याला काय जत्रंत फुगं इकायचं हायत?"

आकाराम एकटाच गेला. परत आला आणि रस्त्याच्या पलीकडं, बरोब्बर समोर, त्यानं स्वतःचं शेड टाकलं. भांडण झालं नाही. दोघांची कामं एका शेडात मावत नव्हती एवढंच. पण त्या दिवसापासून नबीलालच्या पोटात एक निखारा पडला, तो काही विझला नाही.

नबीलाल वाईट माणूस नव्हता. शुक्रवारची नमाज चुकवायचा नाही, दिलेल्या शब्दाला मागं सरायचा नाही. पण समोर ट्रक थांबला की त्याच्या हातातला घण क्षणभर अडायचा. आकारामनं लाल रंगाचा कॉम्प्रेसर आणला, त्याचा फटफट आवाज दिवसभर रस्ता ओलांडून यायचा आणि नबीलालला वाटायचं, हे मुद्दाम मलाच ऐकवतात. ड्रायव्हर तिकडं बाकड्यावर बसून चहा पीत हसले, की ते आपल्यालाच हसले असं त्याला वाटे. त्याची बायको खैरुनबी आणि आकारामची तानाबाई यांचं मात्र बहिणीबहिणीसारखं होतं. खैरुनबी तिला आक्का म्हणायची. ईदला इकडून शिरखुर्मा जायचा, दिवाळीला तिकडून फराळ यायचा. तानाबाईची चकली खुसखुशीत निघाली, तरी नबीलालला राग यायचा. राग यायचा आणि तो आणखी एक चकली खायचा.

सत्त्याहत्तर सालच्या डिसेंबरात, ऊस ऐन भरात असताना, दुपारच्या वेळी गोव्याच्या बाजूनं एक बस आली. असली बस उचगावनं कधी बघितली नव्हती. लांबलचक, फिकट निळ्या रंगाची, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, टपावर पाण्याची टाकी. आणि मागचा डावा कोपरा असा खाली गेलेला, की जणू म्हैस मागल्या पायावर बसायला निघाली आहे. चंदगडच्या घाटातले खड्डे तिला भोवले होते.

बस थेट नबीलालच्या दारात थांबली. साठीच्या घरातला एक उंच गोरा माणूस खाली उतरला. त्याचं नाव यान. हॉलंडात आयुष्यभर बस चालवून तो निवृत्त झाला होता, आणि मोडीत निघालेली एक बस घेऊन त्यानं तिच्यात घर केलं होतं. आत बिछाना, चूल, भांड्यांची फळी, घासलेटवर चालणारा लहानसा फ्रीजसुद्धा. त्या घरात बसून तो आणि त्याची बायको तुर्कस्तान, इराण पार करत इथवर आले होते. बाईला गोव्यात कावीळ झाली होती. ती आत पडून होती, पिवळीफटक.

हे सगळं समजलं ते मेहमुदामुळं. मेहमुदा नबीलालची थोरली मुलगी, बावीस वर्षांची, गावातल्या शाळेत शिक्षिका. तिला इंग्रजी येत होतं. यानचं तिनं ऐकलं आणि म्हणाली, "अब्बा, ते म्हणतात, मागचा कोपरा बसलाय. तुमच्याकडं पाट्यांचा ढीग बघून थांबलेत."

आजूबाजूला पंधरा-वीस माणसं जमली होती. नबीलालनं मान ताठ केली, लांबूनच बघून म्हणाला, "साडेतीन इंच." मग तो गोणपाट टाकून बसखाली शिरला.

खाली पाटे नव्हते. त्यानं पुढं बघितलं, मागं बघितलं. जिथं पोलादी कमान असायला पाहिजे, तिथं काळ्या रबराचे फुगे होते, मोठ्या भोपळ्याएवढे, घडीघडीचे. तीन फुगलेले होते. डावीकडचा मागचा चिपाडासारखा चेपला होता. नबीलाल तिथंच उताणा पडून राहिला. 

शेवटी तो बाहेर आला आणि म्हणाला, "ह्येला पाटंच न्हाईत."

एक ड्रायव्हर म्हणाला, "मग कशावर चालतीया, मिस्त्री? दुवावर?" सगळे हसले.

एवढ्यात आकाराम हात पुसत रस्ता ओलांडून आला. त्यानं कुणाला काही विचारलं नाही. बसच्या मागं वाकून कान लावला. "गळतंय," म्हणाला. "नळीच्या जोडातनं." मग मेहमुदाकडं वळून, "पोरी, साहेबाला सांग, हवा हाय ही. आपलंच काम हाय."

'आपलंच' हा शब्द नबीलालच्या कानात तापल्या खिळ्यासारखा शिरला. त्याच्या दारात आलेली गाडी, त्याच्या डोळ्यांदेखत, हळूहळू रस्ता ओलांडून पलीकडं गेली. तिच्यामागं गर्दी गेली. मेहमुदाही गेली, दुभाषी म्हणून.

आकारामच्या शेडशेजारी गणपतराव अडत्यांची मोकळी जागा होती. परदेशी पाहुणे आपल्या जागेत उतरणार म्हटल्यावर गणपतरावांनी आनंदानं होकार दिला. गावातल्या डॉक्टरांनी बाईला तपासून तीन आठवडे हलायचं नाही म्हणून बजावलं. बस तिथं लावली. आकारामनं ट्रकच्या ब्रेकची नळी कापून, घासून जोड बसवला. याननं इंजिन चालू केलं, टाकीत हवा भरली, आणि बसचा मागला कोपरा फुस्स करत सावकाश वर आला. म्हैस उठून उभी राहिली. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. नबीलालला त्या टाळ्या आपल्या शेडात, भट्टीसमोर बसून ऐकू आल्या.

संध्याकाळी मेहमुदा घरी आली ती तेच बोलत. "अब्बा, गंमत आहे. यानसाहेबांनी ड्रायव्हरच्या सीटजवळ तीन चाव्या बसवल्यात. एक पुढची, दोन मागच्या. जमीन उंचसखल असली की जो कोपरा वर आहे तिथली हवा सोडायची, कमी असेल तिथं भरायची. टेबलावर बशीत पाणी ठेवतात. पाणी काठाला सारखं लागलं की घर सरळ झालं."

खैरुनबी भाकरी थापता थापता म्हणाली, "आन् वाकडं ऱ्हायलं तर काय हुतंय?"

"झोपताना डोकं खाली जातं. तेल तव्याच्या एका कडेला जातं. आणि फ्रीज गार होत नाही, तो सरळच उभा लागतो. यानसाहेबांना साखरेचा आजार आहे, अम्मी. त्यांची इंजेक्शनं त्यात आहेत, तिकडून आणलेली. त्यांना आपल्याकडच्या औषधाची भीती वाटते."

"आकारामभाऊंनी लई डोकं लावलं म्हणं," खैरुनबी म्हणाली.

नबीलालनं ताट पुढं सरकवलं. "मला भूक न्हाय."

त्याचं दुःख एवढंच नव्हतं की गाडी समोर गेली. गाड्या याआधीही गेल्या होत्या. पण गाडी सरळ उभी करणं हे त्याचं काम होतं, त्याचं एकट्याचं. अर्धा दिवस भट्टीपाशी भाजून निघायचं, तेव्हा कुठं पाऊण इंच हाताला लागायचा. आणि इथं एक म्हातारा पायजमा घालून खुर्चीत बसतो, चावी फिरवतो, फुस्स, आणि झालं. त्याला आकारामचा राग आला, यानचा आला, त्या बशीतल्या पाण्याचासुद्धा आला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो शेडाच्या दारात चहा पीत होता. समोर नजर गेली आणि कप ओठाशीच थांबला. बस कलली होती. डावं मागलं अंग, अर्धा इंच.

थोड्या वेळानं इंजिन चालू झालं, बस सरळ झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. या खेपेला पाऊण. आकाराम साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जोड तपासत होता. गळत असेल तर बुडबुडे येतात. बुडबुडे येत नव्हते.

नबीलालला कळायला वेळ लागला नाही. गळत नव्हतंच काही. गणपतरावांनी ती जागा घ्यायच्या आधी तिथं कुंभारांनी मातीसाठी खणलेला खड्डा होता. लालासाबच्या भट्टीची राख, कोळशाची खकाणी, गावचा केर, असलं सगळं टाकून तो बुजवला होता. राखेची शेवटची घमेली नबीलालनं स्वतः ओतली होती, एकसष्ट साली. तेव्हा आकाराम त्याच्या आजोळी होता, त्यानं ते बघितलं नव्हतं. वरनं दोन बोटं मुरूम पसरला की कुणाला काय कळणार. बसचं डावं मागलं चाक नेमकं त्या राखेवर उभं होतं, आणि बसमधलं सांडपाणीही तिथंच मुरत होतं. फुगा नव्हता बसत. जमीन बसत होती.

एक हाक मारली असती तर पुरलं असतं. रस्ता तरी किती रुंद होता.

नबीलालनं हाक मारली नाही. त्यानं दुसरा चहा मागवला.

ते आठ दिवस त्याच्या आयुष्यातले फार गोड दिवस होते, असं त्यानं पुढं म्हातारपणी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. रोज सकाळी तो मोजायचा. आज एक इंच. आज सव्वा. आकारामचं तोंड उतरत चाललं होतं. जे ड्रायव्हर त्याला उचलून धरत होते, तेच आता विचारत होते, "काय आकारामअण्णा, हवा टिकंना व्हय?" एकानं तर रस्ता ओलांडून नबीलालकडं येऊन सांगितलं, "शेवटी पोलाद त्ये पोलाद, मिस्त्री." नबीलालनं त्याला बसायला पेटी दिली, चहा पाजला, आणि तेच वाक्य त्याच्याकडनं आणखी दोनदा वदवून घेतलं.

मेहमुदाच्या लक्षात काहीतरी आलं होतं. एका दुपारी शाळेतून येताना ती शेडात थांबली. "अब्बा, यानसाहेब बाकीचे तीन कोपरे खाली घेऊन घेऊन थकले. आता ते आणखी खाली जात नाहीत. डावा फुगा पार ताणलाय. काल फ्रीज गार झाला नाही. चार बाटल्या फेकून दिल्या त्यांनी. तुमची नजर अशी आहे. तुम्हांला काही दिसतं का, कुठं चुकतंय ते?"

नबीलाल पट्टी उलटीसुलटी करत राहिला. "त्ये हवेचं काम. मला काय कळतंय त्यातलं?"

मुलीशी तो आजवर खोटं बोलला नव्हता. तिनं त्याच्याकडं क्षणभर बघितलं आणि ती निघून गेली.

रविवारी सकाळी तानाबाई आली. दारातच उभी राहून म्हणाली, "भावजी, ह्ये म्हणत्यात आज खाली शिरून फुग्याचा जोडच सोडून बगतो. तुमचं बाभळीचं ठोकळं द्या की दोन. टेकू द्याला."

ठोकळे तिच्यापासून चार हातांवर पडले होते. चौकोनी, काळेभोर, चार. नबीलाल त्यांच्याकडं न बघता म्हणाला, "कामात हायत, आक्का. सांजच्याला बगू."

तानाबाईनं ठोकळ्यांकडं बघितलं. मग नबीलालकडं. "बरं," म्हणाली आणि गेली. मेहमुदा घरातून बापाचा डबा घेऊन आली होती, तीही हे ऐकत उभी होती.

आकारामला संध्याकाळपर्यंत दम निघणार नव्हता. आठ दिवसांची चेष्टा त्याच्या अंगात मुरली होती. त्यानं आपला जॅक आणला, बसच्या सांगाड्याखाली लावला, कडेनं थोडं दाबून बघितलं आणि पाना घेऊन आत सरपटला. यान नको नको म्हणत हात हलवत होता. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की हवेवरच्या गाडीखाली टेकूशिवाय कधी जाऊ नये. मेहमुदा रस्ता ओलांडून तिथं पोचली तोवर आकाराम छातीपर्यंत आत गेला होता.

नबीलाल शेडातून बघत होता. आकारामच्या चपला तेवढ्या बाहेर दिसत होत्या. मग फस्स करून मोठा आवाज आला. आकारामनं जोड सोडला होता. फुग्यातली हवा गेली, आणि बसचा सगळा भार जॅकवर आला.

तीस हातांवरून नबीलालला जॅक दिसत होता. तो सरळ होता. मग तो सरळ नव्हता. केसभर. दुसऱ्या कुणालाही दिसलं नसतं. राखेत त्याची बैठक एका कडेनं आत चालली होती.

त्या क्षणाबद्दल नबीलालनं पुढं कुणालाही खोटं सांगितलं नाही. तो लगेच धावला नाही. एक श्वास जाईल एवढा वेळ तो उभा राहिला. आकारामचं वाईट व्हावं असं त्याच्या मनात नव्हतं, पण आता सगळ्यांना कळेल की याला हवेतलं काही कळत नाही, हा विचार मनात आला. येऊन गेला. मग मात्र त्यानं एक ठोकळा खांद्यावर टाकला, हातात रुंद पाट्याची पट्टी घेतली, आणि उसाच्या ट्रॅक्टरपुढनं पळत रस्ता ओलांडला.

"आकाराम, हलू नगंस," एवढंच तो ओरडला. पट्टी राखेवर आडवी टाकली, वर ठोकळा, आणि पोटावर पडून दोन्ही पायांनी रेटा देत तो आत ढकलला, आकारामच्या छातीला लागून. त्याच वेळी जॅक निसटला. बस खाली आली आणि ठोकळ्यावर थांबली. ठोकळा करकरला. छाती वाचली. पण आकारामचा डावा हात वर जोडावर होता. तो फुग्याची लोखंडी थाळी आणि सांगाडा यांच्यामध्ये सापडला.

आकाराम ओरडला नाही. तो फक्त "नबी, नबी" म्हणत राहिला.

पुढचं सगळं नबीलालच्या हातांनी केलं. यान बिचारा हवा भरून बस उचलायला गेला, पण जोडच उघडा होता, हवा थांबणार कशी. नबीलालनं आपल्या शेडातले जुने पाटे मागवले. माणसांची रांग लागली. राखेवर त्यानं पाट्यांची जाळी अंथरली, उभे-आडवे, म्हणजे भार एका जागी बसू नये. त्यावर आपले दोन जॅक ठेवले आणि बोट-बोट करत बस उचलली. आकारामला बाहेर काढलं. गणपतरावांच्या जीपमधून त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं.

संध्याकाळी उचगावात एकच बोलणं होतं. नबीलाल नसता तर आकाराम गेला असता. ते खरंही होतं. गणपतरावांनी त्याला चौकात सगळ्यांसमोर मिठी मारली. ड्रायव्हर त्याच्या शेडात येऊन पाया पडायला लागले. इतकी वर्षं ज्यासाठी त्याचा जीव तळमळला होता, ते एका दिवसात त्याच्या दारात येऊन पडलं. आणि त्याला ते घशाखाली उतरेना.

तानाबाईनं त्याचे हात धरून रडून घेतलं. ठोकळ्यांबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. कदाचित त्या घाईत विसरली असेल. मेहमुदा विसरली नव्हती. भाकरी वाढताना ती हळूच म्हणाली, "ठोकळे कामात होते ना, अब्बा?"

खैरुनबीनं दोघांकडं बघितलं. नबीलाल पाणी पिऊन उठला.

दुसऱ्या दिवशी बस हलवायची होती. नबीलालनं जागा दाखवली, दहा पावलं अलीकडं, पक्क्या मुरमावर. नळीचा जोड त्यानं आकारामच्या पान्यानंच आवळला. हवा भरली. यान आत चाव्यांपाशी बसला, मेहमुदा दारात, आणि नबीलाल तीस हात लांब जाऊन उभा राहिला.

"म्होरलं अंग वर हाय. अर्धा इंच सोड म्हणावं."

फुस्स.

"मागलं डावं. जरा भर. बास. जरा जास्त झालं. हां."

मेहमुदा आत जाऊन आली. "बशीतलं पाणी सरळ आहे, अब्बा. अगदी काठाला."

खिडकीतून ती आजारी बाई हसून हात हलवत होती. नबीलालला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पण त्याच वेळी त्याच्या मनात आलं, हे इतकं सोपं होतं. आणि हे सोपं काम आकारामनं तेरा वर्षांपूर्वी ओळखलं आणि मी ओळखलं नाही. हाताची दोन बोटं गेलेल्या माणसाचाही हेवा वाटू शकतो, हे त्याला त्या दिवशी कळलं आणि स्वतःची भीती वाटली.

तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. आकाराम उशाला टेकून बसला होता, हाताला बोचक्याएवढं बँडेज. नबीलालनं खैरुनबीनं दिलेला डबा कपाटावर ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "आकाराम, तितं खड्डा व्हता. राखंनं बुजवल्याला. मला म्हाईत व्हतं."

आकारामनं बँडेजचा हात मांडीवर घेतला. मग त्यानं विचारलं, "कवापास्नं?"

"बस कलाय लागली तवापास्नं."

"आन् ठोकळं?"

"ठोकळं बी रिकामंच व्हतं."

शेजारच्या खाटेवर कुणीतरी खोकत होतं. आकारामनं छताच्या पंख्याकडं बघितलं. तो चिडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर नबीलालला सोपं गेलं असतं. तो एवढंच म्हणाला, "जा तू आता."

बस जानेवारीच्या मधल्या आठवड्यात गेली. बाई बरी झाली होती. निघायच्या आदल्या दिवशी यान एकटाच दवाखान्यात जाऊन आकारामला भेटून आला. मेहमुदाची शाळा होती. सकाळी बस निघाली तेव्हा नबीलाल भट्टीवर होता. याननं भोंगा वाजवला, नबीलालनं हात वर केला. एवढाच निरोप.

आकाराम महिन्यानं शेडात परत आला. आठ बोटांनी तो पूर्वीइतकंच काम करायला लागला, फक्त गाडीखाली शिरायचं असलं की थबकायचा. तो बोलवायचा नाही, पण नबीलाल घण ठेवून रस्ता ओलांडायचा आणि त्याच्या जागी खाली शिरायचा. वरून आकाराम सांगायचा, हा जोड सोड, तो आवळ, आणि नबीलाल आवळायचा. असं वर्षभर चाललं. दोघांत कामाशिवाय बोलणं नव्हतं. फराळ आणि शिरखुर्मा मात्र त्या वर्षीही इकडून तिकडं गेले, बायकांनी ते थांबू दिलं नाही. आणि या सगळ्यात आकारामकडं गाड्या जास्त येतच राहिल्या, आणि गाडीखाली उताणा पडलेला नबीलाल वर उभ्या गाड्या मोजतच राहिला.

एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात हॉलंडहून पत्र आलं. पाकिटावर आकारामचं नाव होतं. मेहमुदानं ते आकारामच्या शेडात बाकड्यावर बसून सगळ्यांसमोर वाचलं. याननं लिहिलं होतं, की आकारामनं बसवलेली नळी सगळा रस्ता टिकली, अजून गळत नाही. आकारामचा हात कसा आहे. बाईची तब्येत उत्तम आहे. शिक्षिका मेहमुदाला खास नमस्कार, तिच्यामुळं परक्या देशात घरच्यासारखं वाटलं. आणि मेहमुदाच्या वडिलांना सांगा, त्या दिवशी ते धावले नसते तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही. त्यांचं नाव मी विचारलं होतं, पण मला ते मिळालं नाही, याची खंत वाटते.

सगळे पांगले. नबीलाल तिथंच उभा राहिला. नळीचं नाव होतं, हाताचं होतं, पोरीचं होतं. त्याचं तेवढं नव्हतं. पोटातला निखारा पुन्हा लाल झाला, आणि या खेपेला तो गप्प राहिला नाही.

"मला सोडून समद्यांची नावं लिवल्यात," तो म्हणाला. "कुणाला इचारलंतं त्येनं माझं नाव?"

आकाराम पाना पुसत होता. "मलाच इचारलं. दवाखान्यात. असा घण मारून दावला, आन् म्हन्ला, नेम, नेम. मला कळलं की. तेवढं इंग्रजी कळतंय मला."

"मग?"

"म्या मान हलवली. म्हाईत न्हाय म्हन्लो."

नबीलाल त्याच्याकडं बघत राहिला. "कशापाय?"

"दोन बोटं गेली माझी," आकाराम म्हणाला. "येवढं तरी घिऊ दे की."

नबीलालनं विचार केला. हिशेब त्याला पटला. तो बाकड्यावर बसला आणि आकारामनं, दीड वर्षात पहिल्यांदा, दोन चहा सांगितले.